गुरुजी, शनीचं कडं कुठं गेलं?

तापीकाठचा मास्तर | २३ नोव्हेंबर २०२५

नमस्कार मंडळी. चोपडा तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. दोन वर्षांपूर्वी पगारातून थोडे थोडे बाजूला टाकून सहा इंची डॉब्सोनियन (साध्या बैठकीवर फिरवायची आरशाची) दुर्बीण घेतली. तेव्हापासून दिवाळी झाली की आभाळ स्वच्छ होण्याची वाट बघतो आणि पोरांना शाळेच्या मैदानात बोलावतो.

परवा शुक्रवारी सातवीचा वर्ग आला. अमावास्या नुकतीच झालेली, त्यामुळे अंधार चांगला होता. सरपंचांना सांगून मैदानाजवळचे दोन दिवे तासभर बंद करून घेतले होते. दिवसभर कापूस वेचून आलेल्या काही आयाही चादरी पांघरून भिंतीला टेकून बसल्या. शनी डोक्यावरून जरा दक्षिणेला होता. १० मिलिमीटरचा आयपीस, म्हणजे डोळा लावायचं भिंग, लावला; त्यातून १२० पट मोठं दिसतं. रांग लागली.

आमच्या वर्गाच्या बाहेरच्या भिंतीवर सूर्यमाला रंगवलेली आहे. त्यातल्या शनीला जाड पिवळं कडं आहे. पोरं पहिलीपासून तेच बघत आली आहेत. रांगेत पहिली असलेली मुलगी डोळा लावून बराच वेळ हललीच नाही. मग म्हणाली, "गुरुजी, कडं कुठं गेलं? हा तर मण्यात टाचणी खुपसल्यासारखा दिसतोय." तिनं भिंतीकडे पाहिलं, पुन्हा आयपीसमध्ये पाहिलं. "मग खोटा कोणता? भिंतीवरचा का हा?"

दोन्ही खरे, हे मी तिला सांगितलं. कडं यंदा आपल्याकडे कड करून आहे, हेही सांगितलं. तेवढं तिला पटलं. पण तिचा पुढचा प्रश्न असा: "भिंतीवरच्यासारखा कुणी पाहिला मग?" मी कॅसिनी यानाचं सांगितलं. १९९७ ला निघालं, २००४ ला शनीपाशी पोचलं, तेरा वर्षं त्याच्याभोवती फिरलं आणि इंधन संपत आल्यावर १५ सप्टेंबर २०१७ ला त्याच्याच वातावरणात शिरून जळालं.

"इतक्या जवळून पाहून झालंय, तर आपण इथून टाचणी कशाला बघायची?"

मी म्हणालो, आपल्या डोळ्यानं बघण्याची गोष्ट वेगळी असते. तिनं मान हलवली. पण मास्तरासमोर मुलं मान कशी हलवतात ते मला वीस वर्षांच्या नोकरीत कळलंय. माझं उत्तर मलाही पुरलं नाही. तीन आठवड्यांनी तोच वर्ग पुन्हा बोलावणार आहे. तोवर मला नीट उत्तर हवंय. तुमच्याकडे असेल तर लिहा.

---

यावलचा केळीवाला

गुरुजी, तिचा प्रश्न मलाही पडतो. मोबाईलवर यानांचे फोटो बघितले की माझी दुर्बीण महिना महिना कपाटातून निघत नाही. वाचतोय.

---

अमळनेरकर

आधी त्या टाचणीबद्दल लिहितो, कारण मुलीनं फार दुर्मिळ वेळी शनी पाहिलाय आणि ते तिला कळायला हवं.

शनीचा अक्ष सुमारे २७ अंश कललेला आहे आणि त्याची सूर्याभोवतीची फेरी साडेएकोणतीस वर्षांच्या आसपास पूर्ण होते. त्यामुळे एका फेरीत दोनदा, साधारण पंधरा वर्षांच्या अंतरानं, कड्याची कड बरोबर आपल्याकडे येते. यंदा २३ मार्चला ती आली, पण तेव्हा शनी सूर्याच्या जवळ होता, दिसण्यासारखं काही नव्हतं. मध्यंतरी कडं थोडं उघडलं आणि आता नोव्हेंबरच्या शेवटी, पृथ्वी आपल्या कक्षेत पुढे सरकल्यामुळे, पुन्हा जवळपास मिटलं आहे. पुढच्या वर्षापासून ते उघडत जाईल.

कडं किती पातळ आहे ते मुलांना असं सांगा. मुख्य कड्यांची रुंदी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सुमारे पावणेतीन लाख किलोमीटर, आणि जाडी बहुतेक ठिकाणी दहा-वीस मीटर, म्हणजे चोपड्याच्या एखाद्या पाण्याच्या टाकीच्या उंचीएवढी. एक किलोमीटर लांब-रुंद असं वहीचं एकच पान डोळ्यापुढे आणा, शनीचं कडं त्याच प्रमाणात पातळ आहे. असं पान कडेनं धरल्यावर काय दिसणार?

आणि हे अवश्य सांगा. गॅलिलिओनं १६१० मध्ये शनी पाहिला, तेव्हा त्याला दोन्ही बाजूंना दोन गोळे चिकटल्यासारखे दिसले. त्याच्या दुर्बिणीला कडं वेगळं दाखवता येत नव्हतं. १६१२ मध्ये पाहिलं तर गोळे गायब. तो हादरला. शनीनं आपली पोरं गिळली की काय, असं त्यानं पत्रात लिहिलं. हे कडं आहे आणि ते कधी कधी आपल्याकडे कड करतं, हे हॉयगेन्स या डच शास्त्रज्ञानं १६५९ मध्ये छापून सांगितलं. म्हणजे मधे जवळजवळ पन्नास वर्षं युरोपातल्या विद्वानांनाही तुमच्या सातवीतल्या मुलीचाच प्रश्न पडला होता.

तिला दर वर्षी याच दिवसांत शनीचं चित्र काढायला सांगा. २०३२ च्या सुमाराला कडं पूर्ण उघडेल, तेव्हा ती विशीच्या घरात असेल.

---

पुण्यातला धुळेकर

गुरुजी, तुमच्या मुलीनं धरलेलं गृहीतक असं आहे की यान पोचलं की दुर्बिणीचं काम संपलं. मलाही कॉलेजात तसंच वाटायचं. न्यू होरायझन्सची एक गोष्ट वाचली आणि ते मनातून गेलं.

ते यान १९ जानेवारी २००६ ला निघालं आणि १४ जुलै २०१५ ला प्लूटोजवळून गेलं. थांबण्याइतकं इंधन नव्हतं, पुढे जाणं भागच होतं. पण जाणार कुठं? निघालं तेव्हा पुढचा मुक्काम कुणालाच माहीत नव्हता. जमिनीवरच्या मोठमोठ्या दुर्बिणींनी शोधलं, वाटेत पडेल असं काही मिळेना. शेवटी २०१४ मध्ये अवकाशातल्या हबल दुर्बिणीनं एक ठिपका शोधला. पुढे त्याला अ‍ॅरोकॉथ नाव मिळालं. साडेसहाशे कोटी किलोमीटरवरचा, जेमतेम पस्तीस किलोमीटर लांबीचा दगड. हबललाही ठिपक्यापलीकडे काही दिसत नव्हतं. यानानं किती अंतरावरून जावं, आजूबाजूला धूळ-खडे आहेत का, कशाचाच पत्ता नाही.

मग हिशेब निघाला की १७ जुलै २०१७ च्या रात्री तो एका ताऱ्यासमोरून जाणार आणि त्याची सावली अर्जेंटिनातल्या पॅटागोनियावरून सरकणार. शास्त्रज्ञ तिथं पोचले, दोन डझन सोळा इंची दुर्बिणी घेऊन. सावलीच्या वाटेवर ठरावीक अंतरानं शेतांत, माळांवर त्या मांडल्या. भयंकर वारा होता, म्हणून गावकऱ्यांनी दुर्बिणींच्या बाजूला ट्रक आडवे लावले. गाड्यांचे दिवे नकोत म्हणून महामार्ग दोन तास बंद ठेवला. शहरातले रस्त्यावरचे दिवे मालवले. पाच दुर्बिणींतून तारा जेमतेम सेकंदभर विझलेला दिसला. त्या पाच विझण्यांच्या वेळा शेजारी शेजारी मांडल्यावर आकार उमटला: दोन गोळे एकमेकांना चिकटल्यासारखा. दीड वर्षानं, १ जानेवारी २०१९ ला, यान साडेतीन हजार किलोमीटरवरून गेलं आणि फोटोत नेमका तोच आकार आला.

सरपंचांनी तुमच्यासाठी दोन दिवे बंद केले हे वाचलं आणि मला पॅटागोनियातली ती रात्र आठवली.

---

रातची लाईट

गुरुजी, मी पारोळ्याकडचा शेतकरी. हरभऱ्याला पाणी द्यायचं तर आमच्या फीडरला आठवड्याआड रातची लाईट असते. रात्री बारा ते सकाळपर्यंत शेतात. एक वाफा भरेपर्यंत दुसरं काम नसतं, मग मी वर बघतो.

भाच्यानं १०x५० ची दुर्बीण दिली, दोन डोळ्यांची. हातात धरली की थरथरते, म्हणून बांधावर दोन बांबू रोवून आडव्या काठीला सुतळीनं बांधली. आता स्थिर राहते. आमच्या भाऊबंदांनी एका रात्री विचारलं, "हाई काय शे?" मी म्हटलं बघ. त्यानं डोळा लावला आणि मग तोच वाफा फुटेपर्यंत उठला नाही.

गुरूजवळ ठिपके दिसतात. मी औषधाच्या दुकानातून मिळालेल्या कॅलेंडरच्या मागच्या बाजूला रोज मांडून ठेवतो. मधे मोठं टिंब गुरूचं, बाजूला बारीक टिंबं. १७ तारखेला दोन डावीकडे, एक उजवीकडे. १८ ला एक डावीकडे, दोन उजवीकडे. १९ ला चार दिसले. २० ला पुन्हा तीन. कोणता कुठं जातो ते मला कळत नाही. तुम्ही लोक सांगाल का? यानं तिथं गेलीत म्हणतात. मी तर हे कॅलेंडर बघूनच थक्क होतो.

---

अमळनेरकर

दादा, ते कॅलेंडर फेकू नका. गॅलिलिओनं जानेवारी १६१० मध्ये जी वही लिहिली, तुमचं पान तसंच आहे. तोही रोज मोठं टिंब काढून बाजूला छोटी टिंबं मांडायचा, आणि आठवडाभरात त्याच्या ध्यानात आलं की हे ठिपके गुरूभोवती फिरतात. सगळं काही पृथ्वीभोवतीच फिरतं ही समजूत त्या वहीनं मोडली.

ओळखायचं असं. सगळ्यात आतला आयो, पावणेदोन दिवसांत फेरी. तो बऱ्याचदा गुरूच्या उजेडात लपतो, म्हणून तुम्हाला कधी तीन, कधी चार दिसतात. मग युरोपा, साडेतीन दिवस. गॅनिमीड, सात दिवसांच्या थोडं वर. हा सगळ्यात ठळक. कॅलिस्टो सगळ्यात लांब जातो, फेरी पावणेसतरा दिवसांची. सलग तीन आठवडे मांडलंत तर कॅलिस्टो तुमचा तुम्हालाच सापडेल.

आणि ज्या युरोपाचं टिंब तुम्ही मांडता, त्याच्याकडे आत्ता एक यान निघालेलं आहे. युरोपा क्लिपर, ऑक्टोबर २०२४ मध्ये सुटलं, २०३० मध्ये पोचेल. युरोपाच्या बर्फाखाली समुद्र असावा, त्यात जीव तगू शकेल का ते ते बघणार आहे. युरोप खंडाच्या अवकाश संस्थेचं जूस यान २०२३ मध्येच सुटलंय, त्याचा शेवटचा मुक्काम गॅनिमीड.

---

रातची लाईट

म्हणजे मी ज्याच्याकडे बघतो तिकडेच ते चाललंय. बरं वाटलं. आजपासून टिंबाशेजारी नावं लिहितो.

---

मुक्ताईनगरहून

गुरुजी, तुमच्या मुलीचं उत्तर मला वाटतं आमच्या तालुक्यात पडलेलं आहे. शब्दशः पडलेलं. हे मी गेली चार वर्षं भेटेल त्याला सांगतो, म्हणून इथं सविस्तर लिहितो.

१८४३ साली एदलाबादजवळ, म्हणजे आजच्या मुक्ताईनगरजवळ, मानेगावला आकाशातून दगड पडला. जगभरच्या उल्कांच्या यादीत तो 'मानेगाव' याच नावानं आहे. जपून राहिलेला भाग फार थोडा, काही तोळ्यांच्या हिशेबातला. पण जात दुर्मिळ. त्याला डायोजेनाइट म्हणतात. आपला सातपुड्यापासून अजिंठ्यापर्यंतचा काळा दगड लाव्हा वर येऊन थिजल्यानं झालाय. हा तसा नाही. तो जमिनीखाली खोल, सावकाश थंड झालेल्या खडकाचा आहे, मुख्यतः पायरॉक्सीन नावाच्या एकाच खनिजाचा. याचा अर्थ असा की जिथून तो आला तिथं कधीकाळी सगळं वितळलेलं होतं आणि वर कवच, खाली जड थर असे पृथ्वीसारखे थर बसले होते. साध्या धोंड्यात असं होत नाही. मग हा आला कुठून?

सव्वाशे वर्षं ते कुणालाच माहीत नव्हतं. दगड हातात, पत्ता नाही.

१९७० मध्ये दुर्बिणीतून वेस्टा या लघुग्रहाचा प्रकाश फोडून पाहिला गेला. मंगळ आणि गुरू यांच्यामधल्या पट्ट्यातला हा सव्वापाचशे किलोमीटरचा गोळा. त्याच्या प्रकाशात ज्या रंगांची उणीव दिसली, तीच या जातीच्या आणि तिच्या सोयऱ्या जातींच्या उल्कांत होती. नंतर दुर्बिणींनीच वेस्टासारख्याच रंगांचे छोटे लघुग्रह वेस्टापासून पुढे वाटभर पसरलेले शोधले, जणू सांडत गेलेला माल. १९९० च्या दशकात हबलला वेस्टाच्या दक्षिण टोकाला प्रचंड खड्डा दिसला. संशय पक्का होत गेला, पण तो संशयच होता.

मग डॉन यान गेलं. २००७ ला सुटलं, झेनॉन वायूच्या आयन इंजिनावर हळूहळू वेग घेत जुलै २०११ मध्ये वेस्टाभोवती कक्षेत शिरलं आणि वर्षभराहून जास्त फिरलं. खड्डा खरा निघाला. पाचशे किलोमीटर रुंद, म्हणजे जवळपास वेस्टाएवढाच. त्याच्या मधोमध वीस किलोमीटरहून उंच डोंगर, एव्हरेस्टच्या दुपटीहून जास्त. सुमारे शंभर कोटी वर्षांपूर्वी काहीतरी येऊन आदळलं आणि वेस्टाच्या पोटातला खडक वर उसळला. त्याच खड्ड्याच्या परिसरात डॉनला डायोजेनाइटच्या जातीचा खडक उघडा पडलेला दिसला. मानेगावच्या दगडाचं मूळगाव सापडलं.

त्या पोरीला हे सांगा. दगड आपण होऊन आला. त्याचा पत्ता दुर्बिणीनं काढला. यान त्या पत्त्यावर जाऊन खात्री करून आलं. दुर्बिणीनं पत्ता काढला नसता तर यान कुठं जायचं आणि काय शोधायचं हे कुणाला कळलं असतं? आणि तो दगड तुमच्या शाळेपासून मोटारसायकलनं जाता येईल इतक्या अंतरावर पडला होता.

मी मानेगावला गेलो आहे. शेतं आहेत. बघण्यासारखी खूण काही नाही. तरी मी बांधावर बराच वेळ उभा होतो.

---

यावलचा केळीवाला

माझी सासुरवाडी मुक्ताईनगर तालुक्यात. पंचवीस वर्षांत कुणी हे बोललं नाही. दुर्बीण काढतोय कपाटातून.

---

चाळीसगावची लेक

वरचं वाचून राहवलं नाही. आमच्या पाटणादेवीजवळच्या शिलालेखाचा उल्लेख इथं व्हायला हवा. १२०७ चा आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानं आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी तिथं मठ स्थापला, त्याला दान मिळालं, ते त्यात कोरलंय. दुर्बीण यायला चारशे वर्षं होती, आणि खान्देशात ग्रहगणित शिकवायची शाळा होती.

भास्कराचार्यांच्या सिद्धांतशिरोमणीत वेधाच्या यंत्रांचा एक अध्याय आहे. शंकू, घटी, यष्टी, चक्र, त्यांचं स्वतःचं फलकयंत्र, सगळं सांगून झाल्यावर शेवटी ते 'धी'लाही, म्हणजे बुद्धीलाही, यंत्र म्हणतात, आणि खरं यंत्र तेच म्हणतात. मला वाटतं गुरुजींच्या मुलीकडे ते आहेच.

---

शिरपूरकरीण

सूर्यमालेबाहेरचंही एक लिहिते. मुलं हे ऐकून गप्प होतात, हा माझ्या शिकवणीतला अनुभव आहे.

व्हॉयेजर १ हे ५ सप्टेंबर १९७७ ला सुटलं. गुरू, शनी करून २०१२ मध्ये ते सूर्याच्या वाऱ्याची हद्द ओलांडून ताऱ्यांच्या मधल्या अवकाशात गेलं. आज अडीच हजार कोटी किलोमीटरवर आहे. पुढच्या नोव्हेंबरात ते एक प्रकाशदिवस लांब असेल, म्हणजे इथून पाठवलेला निरोप पोचायला चोवीस तास, उत्तर यायला आणखी चोवीस.

नोव्हेंबर २०२३ मध्ये ते बरळायला लागलं. संदेश येत होते, पण अर्थ लागेना. एका संगणकाच्या स्मृतीतली एक चिप खराब झाली होती. तिथं कोण जाणार? इथं बसून, सत्तरच्या दशकातली कागदपत्रं काढून, त्या चिपमधल्या सूचना तुकडे तुकडे करून दुसरीकडे बसवल्या. एप्रिल २०२४ मध्ये ते पुन्हा नीट बोललं.

त्यावर एक सोनेरी तबकडी आहे, पंचावन्न भाषांतल्या शुभेच्छा घेऊन. त्यात मराठीही आहे, नमस्कारानं सुरू होणारी. आणि केसरबाई केरकरांची भैरवी आहे, 'जात कहाँ हो'. यान सुटलं त्यानंतर अकरा दिवसांनी केसरबाई गेल्या. माझे वडील त्यांच्या गाण्याचे वेडे होते. त्यांना हे कळलं तेव्हा ते अंगणात जाऊन उभे राहिले आणि मला विचारलं, "कोणत्या बाजूला आहे गं ते?" व्हॉयेजर १ भुजंगधारी तारकासमूहाच्या दिशेला आहे. मी बोट दाखवलं. ते तिकडे बघत राहिले. तिथं दिसण्यासारखं काही नव्हतं.

---

पुण्यातला धुळेकर

ताई, हे वाचून थांबलो जरा.

---

यावलचा केळीवाला

मंडळी, आज दुर्बिणीचा आरसा बघितला, त्यावर धूळ बसलीय. फडक्यानं पुसू का?

---

अमळनेरकर

अजिबात नको! बारीक धूळ घासली की मुलाम्यावर ओरखडे पडतात आणि ते कायमचे. थोड्या धुळीनं काही बिघडत नाही. फुंकणीनं हवा मारा, बस्स. तोंडानं फुंकू नका, थुंकीचे कण बसतात. आपल्याकडे उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीत ठेवलेली दुर्बीण चांगलीच तापते, तेव्हा बघण्याआधी अर्धा-पाऊण तास बाहेर ठेवून थंड होऊ द्या, नाहीतर गुरू उकळत्या पाण्यात असल्यासारखा दिसेल. आणि मुलं असतील तर दिवसा दुर्बीण कधीही उघडी सोडू नका. फिल्टरशिवाय सूर्याकडे एक क्षण बघितलं तरी डोळा जाईल.

नवीन घेणाऱ्यांना: खोक्यावर '५०० पट' लिहिलेली दुर्बीण घेऊ नका. मी माझ्या मुलासाठी तशी मागवली होती. तिपाई इतकी हलायची की चंद्रसुद्धा धड दिसेना. पोरगं दोन वर्षं पुन्हा आकाशाकडे वळलं नाही. त्याचं मला आजही वाईट वाटतं. पैसे कमी असतील तर दादांसारखी १०x५० घ्या आणि बांबूला बांधा.

---

तापीकाठचा मास्तर | १४ डिसेंबर २०२५

मंडळी, परवा रात्री वर्ग पुन्हा भरला. तुमचं सगळं छापून नेलं होतं, बॅटरीला लाल कागद लावून वाचून दाखवलं.

मानेगावचं वाचलं तेव्हा पोरं एकमेकांकडे बघायला लागली. तीन जणांचे मामा तिकडचे. एकानं विचारलं, "अजून सापडतील का?" दुसऱ्यानं विचारलं, "आपल्या शेतात पडला असेल तर ओळखायचा कसा?" रातची लाईट दादांचं कॅलेंडर मी फळ्यावर मांडलं होतं. चार जणांनी घरून वही आणलीय, गुरू आता रात्री लवकर वर येतो म्हणून रोज नऊला टिंबं मांडणार आहेत. दादा, ती पोरं तुमची पानं मागतायत, फोटो काढून टाकाल का इथं?

त्या मुलीनं पुन्हा पहिला नंबर लावला. टाचणी आहेच अजून. बघून झाल्यावर तिनं मला काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मधल्या सुट्टीत रंगाचा डबा मागायला आली. भिंतीवरच्या जुन्या शनीच्या शेजारी तिनं दुसरा काढलाय, गोल मणी आणि त्यातून आरपार गेलेली बारीक रेघ. खाली तारीख घातलीय. रेघेच्या टोकाशी लांबवर एक पांढरा ठिपका आहे. मी विचारलं हा काय, तर म्हणाली, "टायटन. दिसत होता, तुम्ही सांगायला विसरलात."

तिच्या चित्राच्या उजवीकडची भिंत मी मोकळी सोडायला सांगितलीय. सात चित्रं मावतील एवढी जागा आहे.